दंडावरचा सेन्सर आणि चौदा दिवसांची वही

मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय 57, मधुमेहाला अकरा वर्षं झाली. दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) 7.6 यायचा आणि डॉक्टर म्हणायचे, "जेवण जरा सांभाळा." पण कुठलं जेवण? तीन महिन्यांच्या सरासरीत ते दिसत नाही. म्हणून दिवसरात्र साखर मोजून मोबाइलवर दाखवणारा, दंडावर लावायचा सेन्सर घेतला. आता तिसरा चालू आहे. सेन्सर स्वस्त नाही, त्यामुळे तो चालतो त्या चौदा दिवसांचं चीज कसं करायचं ते सांगते.

आधी लावण्याचं. दंडाच्या मागच्या बाजूला, ज्या कुशीवर तुम्ही झोपत नाही त्या हाताला लावा. त्या दिवशी अंगाला तेल लावू नका, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही. माझा पहिला सेन्सर सहाव्याच दिवशी ब्लाउजच्या घट्ट बाहीत अडकून निघाला. बायकांनी ते पंधरा दिवस सैल बाह्यांचेच ब्लाउज घालावेत. संध्याकाळी लावलेला बरा, कारण पहिला दिवसभर आकडे थोडे इकडेतिकडे असतात. त्या दिवसावरून काही ठरवू नका. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. काही सेन्सर त्यामुळे साखर जास्त दाखवतात.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखाली पेशींच्या भोवती असलेल्या पाण्यातली मोजतो. रक्तात बदल झाला की तिथे पोचायला पाच-दहा मिनिटं, कधी जास्तही लागतात. म्हणून ग्लुकोमीटरचा आणि सेन्सरचा आकडा तंतोतंत जुळत नाही.

एका रात्री तीन वाजता साखर उतरल्याच्या इशाऱ्यानं मोबाइल वाजला. आकडा 58. यांनी घाबरून साखरेचा डबाच आणला. पण मला घाम नव्हता, थरथर नव्हती. बोट टोचून पाहिलं तर 104. मी सेन्सरच्याच हातावर झोपले होते. तिथे दाब पडला की आकडा खोटा खाली जातो. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे: आकडा आणि शरीर जुळत नसेल तर बोट टोचायचं. मात्र घाम, धडधड, गरगरणं असेल तर वाट बघत बसायचं नाही. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आता खरं काम, वहीचं. मी साधी शंभर पानी वही केली. वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, चालले का, झोप कशी झाली. "भाकरी" एवढंच लिहू नका, "दीड भाकरी" लिहा. ज्वारीची भाकरी कितीही चालते असं मी अकरा वर्षं धरून चालले होते. दोन मोठ्या भाकरी आणि भात खाल्ला तेव्हा आलेख 214 ला गेला. दुसऱ्या दिवशी आधी काकडी आणि मटकीची उसळ, मग एक भाकरी, भात नाही. 161. तिसऱ्या दिवशी जेवण पहिल्या दिवसाचंच, पण जेवून उठल्यावर वीस मिनिटं गल्लीतच चालले, तेव्हा 178. एका वेळी एकच गोष्ट बदला. माझ्या दुसऱ्या दिवसासारख्या एकदम बऱ्याच बदलल्या की श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही.

संकष्टीनं मला सगळ्यात जास्त शिकवलं. उपास म्हणजे पोटाला विश्रांती असं वाटायचं. दुपारी वाटीभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि तासाभरात 112 वरून 238. दुसरा सेन्सर मुद्दाम संकष्टी मध्ये येईल असा लावला, अर्धी वाटी खिचडी आणि बरोबर दही-काकडी घेतली. 181 वर थांबली. पण संध्याकाळी चंद्रोदयाची वाट बघताना 74 झाली होती, ते जास्त काळजीचं. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोट रिकामं ठेवणं धोक्याचं असतं. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते आधी डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

सकाळची साखर जास्त येते त्यांनी रात्रीचा आलेख नीट बघावा. झोपतानाच वर असेल आणि रात्रभर वरच राहिली तर जेवणाकडे बघा. रात्रभर सपाट राहून पहाटे चारनंतर चढत असेल तर ते यकृत सोडतं त्या साखरेचं काम, त्यासाठी रात्री उपाशी झोपून उपयोग नाही. माझं दुसरं निघालं. मी उगाच दोन वर्षं रात्रीचा घास तोडत होते.

एकेका आकड्यानं हबकून जाऊ नका. 70 ते 180 च्या मध्ये दिवसातला किती वेळ गेला ते बघा. बहुतेकांसाठी 70 टक्के, म्हणजे साधारण सतरा तास, हे लक्ष्य असतं. फार वयस्कर किंवा आजारी माणसाचं लक्ष्य डॉक्टर सैल ठेवतात. माझे पहिल्या वेळी 52 टक्के होते, आता 68.

चौदा दिवस झाले की आलेख आणि वही दोन्ही डॉक्टरांकडे न्या. आलेखात चढ दिसतो, त्या वेळी पानात काय होतं ते वहीत असतं. माझ्या डॉक्टरांनी दोन्ही शेजारी ठेवून गोळीची वेळ बदलली.

सेन्सर काढताना ओढू नका. कडेनं खोबरेल तेल सोडा, दहा मिनिटं थांबा, मग हळूहळू सोलून काढा. पुढचा दुसऱ्या दंडाला लावा, पहिल्या जागेची कातडी भरून येऊ द्या.