पुण्यात भाड्याने फ्लॅट घेताना घासाघीस नक्की कशावर करायची

आधीच सांगते, भाडं पाच हजाराने खाली आणायची युक्ती माझ्याकडे नाहीये. कोथरूड-एरंडवण्यात जुन्या सोसायट्या एकामागून एक रिडेव्हलपमेंटला चालल्यात, तिथले फ्लॅटमालकच बिल्डरने दिलेल्या भाड्यावर दोन-तीन वर्षं जवळपासच्या गल्लीत घर बघतात, त्यांच्यापुढे आपलं बजेट कुठे टिकणार. वाकड-हिंजवडीला आयटीवाले आहेतच. म्हणून जोर लावायचा तो डिपॉझिट, लॉक-इन (म्हणजे ठरलेल्या महिन्यांच्या आत करार मोडता येत नाही ती अट) आणि पुढच्या वर्षीची भाडेवाढ ह्यावर, तिथे मालक बऱ्यापैकी ऐकतात कारण महिन्याच्या आकड्याला धक्का लागत नाही ना.

जमत असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच शोधा, जून-जुलैत कॉलेजवाली पोरं आणि नवीन जॉइनिंगवाले एकदम येतात आणि मग फ्लॅट बघून घरी पोचेपर्यंत तो गेलेला असतो. ॲपवर शोधाच, पण जी सोसायटी आवडलीय तिच्या गेटवर जाऊन वॉचमनकाकांनाही विचारा. ब्रोकर घेतलात तर साधारण एक महिन्याचं भाडं जातं. आणि फ्लॅट न दाखवता कोणी "मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालंय, टोकन टाका" म्हणालं तर फोन ठेवा, सरळ फ्रॉड आहे.

घर बघायला संध्याकाळी जा, किचन आणि बाथरूमचे नळ एकदम सोडून बघा. टँकर किती येतात ते मालकाला नाही, वॉचमनला विचारायचं.

आता ॲग्रीमेंट. लोकांना वाटतं ११ महिन्यांचं आहे म्हणजे रजिस्टर करायची गरज नाही, साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं. महाराष्ट्रात असं चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे हेच ठरावीक मुदतीचं भाड्याचं ॲग्रीमेंट) लेखी आणि रजिस्टर्डच लागतं, ती जबाबदारी मालकाची, आणि ते नसेल तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत. हे मालकाला गोड शब्दात सांगा, तयार होतात. खर्चही फार नाही, २५ हजार भाडं आणि ७५ हजार डिपॉझिट असेल तर ११ महिन्यांची स्टॅम्प ड्युटी सातशेच्या आसपास, महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन १०००, वर एजंटची फी, तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. अर्धा-अर्धा करा म्हणावं.

सही करायच्या आधी बघायचं म्हणजे लॉक-इन दोघांनाही लागू आहे का (बऱ्याचदा फक्त आपल्यालाच असतो), रिन्यूअलला भाडं किती टक्के वाढणार तो आकडा लिहिलाय का, "बाजारभावाप्रमाणे" असेल तर खोडायला लावा. पेंटिंगचे पैसे कोणाचे. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) मालकाचे असं स्पष्ट लिहून घ्या, ते तसेही सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर घेता येत नाहीत. एचआरएची, म्हणजे पगारातल्या घरभाडे भत्त्यावरची, करसवलत घेत असाल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन आत्ताच मागा, नंतर लोक फोन उचलत नाहीत. आणि मुदत संपल्यावर घर अडवून बसायचा विचार करू नका, त्याच भाडे कायद्याच्या कलम २४ खाली दुप्पट भाडं लागू शकतं.

डिपॉझिटचं मी स्वतः भोगलंय. मागच्या घरी खिळ्यांची चार भोकं आणि ओट्यामागचे तेलाचे डाग दाखवून मालकांनी पूर्ण फ्लॅटच्या रंगाचे पैसे कापले, भोकं तर माझ्या आधीच्या भाडेकरूची होती पण पुरावा काय देणार? म्हणून ह्या वेळी चावी हातात आल्या आल्या, सामान आत यायच्या आधी, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, गीझर चालू करून, कपाटांची दारं उघडून, बाथरूमच्या दारामागची ओल पण, आणि त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲप केला. त्यांनी थम्सअप पाठवला. तो मेसेज मी स्टार करून ठेवलाय.