दोन टेकड्यांवरचा तेरडा: योगायोग की अनुकूलन, हे कसे तपासावे

अंजनेरीच्या उतारावरचा तेरडा आणि नाशिक शहरालगतच्या टेकडीवरचा तेरडा उंचीने किंवा फुलण्याच्या वेळेने वेगळा दिसला, तरी हा फरक पाऊस-मातीने घडवला की निव्वळ योगायोगाने, हे नुसते पाहून सांगता येत नाही. शहराकडून अंजनेरीच्या बाजूला, म्हणजे पश्चिमेच्या घाटाकडे, पाऊस वाढत जातो: त्या घाटपट्ट्यातल्या इगतपुरीकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर शहरात सुमारे ७००. त्यामुळे स्थानिक अनुकूलनाला, म्हणजे पिढ्यानपिढ्या तिथल्या परिस्थितीशी जुळत जाण्याला, वाव आहे. परंतु तेरड्याचे बोंड फुटून बी जवळपासच पडते, ताटवे एकमेकांपासून तुटलेले राहतात, आणि लहान ताटव्यात कोणाचे बी पुढे जाईल हे पुष्कळदा नशिबावर ठरते. यालाच जनुकीय विचलन म्हणतात. प्रजननक्षम झाडे २५च असतील, तर गणिताने दर पिढीला २ टक्के आनुवंशिक विविधता गळते, म्हणजे दहा पिढ्यांत सुमारे १८ टक्के.

म्हणून प्रत्येक बाजूचे किमान दोन मोठे आणि दोन लहान ताटवे निवडावेत. वस्तीजवळचे टाळावेत, कारण गौरींसाठी आणलेल्या किंवा बागेतल्या तेरड्याचे बी तिथे मिसळलेले असू शकते. वनक्षेत्रात वनविभागाची परवानगी घ्यावी, आणि सेरोपेजिया अंजनेरिकासारख्या दुर्मीळ कंदीलपुष्पाला या कामासाठी हातही लावू नये.

प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवावे. पहिल्या पावसाळ्यात सर्व बी एकाच अंगणात, एकाच मातीत, जाळीखाली वाढवून त्या त्या ताटव्यातल्या झाडांचेच आपसात हाताने परागण करावे. मूळ झाडाला मिळालेल्या पोषणाचा बियांवरचा प्रभाव त्याने बराच कमी होतो. हा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी गाळू नये. दुसऱ्या पावसाळ्यात दोन्हीकडच्या अंगणांत, रानातल्या ताटव्यांपासून दूर, तिथल्याच मातीच्या कुंड्यांत सर्व ताटव्यांचे बी पेरावे आणि कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. उगवलेली, जगलेली झाडे आणि बिया मोजाव्यात; बोंडे फुटण्यापूर्वीच खुडावीत.

दोन्हीकडे घरचे बी पाहुण्या बियांपेक्षा सरस ठरले, तर ते अनुकूलनाचे लक्षण होय. एकाच बाजूचे, सारखाच पाऊस झेलणारे लहान ताटवे आपसात फार वेगळे निघाले आणि मोठे मात्र एकसारखे, तर विचलनाची शक्यता अधिक. लहान ताटव्याचे बी दोन्ही अंगणांत मागे पडले, तर तो निकृष्ट जनुकांच्या साठ्याने खंगला असावा. त्याला बाहेरून बी द्यायचेच असेल, तर ते त्याच पावसाच्या पट्ट्यातल्या जवळच्या मोठ्या ताटव्यातून द्यावे.