बाइकची बॅटरी बसली? जंप-स्टार्ट करताना या चुका टाळा

मे महिन्यात पडवीत ताडपत्रीखाली ठेवलेली बाइक थेट गणपतीला बाहेर काढायची, हे कोकणात घरोघरी चालतं. मधला अख्खा पावसाळा गाडी उभी. घड्याळ, अलार्म, जीपीएस थोडा थोडा करंट खात राहतात, आणि काहीच जोडलेलं नसलं तरी लेड-अ‍ॅसिड बॅटरी आपोआप उतरतेच. मग कोणा चाकरमान्याची कार खळ्यात येते, कारच्या बॅटरीवरून बाइक चालू करायला, म्हणजे जंप-स्टार्टला, चिमट्यांची जंपर वायर निघते आणि गडबडीला सुरुवात होते.

पहिली चूक वायर हातात घेण्याआधीची. बॅटरीच गेली असं धरून चालू नका. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँड, न्यूट्रल आणि फ्यूज बघा. मग टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडतात ती टोकं, उघडा. खाऱ्या वाऱ्याने तिथे हिरवट-पांढरी भुकटी धरते आणि बॅटरीत जीव असूनही सेल्फ नुसता टक-टक करतो. चावी बंद करून आधी मायनसची वायर काढा, मग प्लसची. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, पूर्ण कोरडं करा. जोडताना आधी प्लस, मग मायनस, वरून व्हॅसलीनचं बोट. समुद्रकाठच्या बऱ्याच गाड्या एवढ्यावरच चालू होतात. मल्टिमीटर असेल तर सोपंच: 12.6 व्होल्टच्या वर भरलेली, 12 च्या खाली जवळपास रिकामी.

बॅटरी फुगली असेल, तडकली असेल किंवा गळत असेल तर जंप करायचा विचारही नको, नवीनच घ्या. राजदूतसारखी जुनी गाडी जपून ठेवली असेल तर बॅटरीवर 6 व्होल्ट लिहिलंय का ते वाचा. तिला 12 व्होल्ट लावायचे नाहीत.

कारचं इंजिन चालू ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कार आणि बाइक दोन्ही 12 व्होल्टच्या, त्यामुळे कारच्या बंद इंजिनावर जोडायला हरकत नाही. पण सव्वाशे सीसी बाइकची बॅटरी असते 4-5 अँपियर-अवरची (ही तिची साठवण), कारची 35 च्या पुढे. इंजिन चालू ठेवलं की कारचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा) त्या इवल्याशा रिकाम्या बॅटरीत नको तितका करंट ढकलतो. तांब्या भरायला शेतीपंप लावण्यातला प्रकार. बॅटरी तापते, आणि बाइकचा रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा) किंवा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेला तर खर्च बॅटरीच्या कितीतरी पट. कारची चावी काढून खिशातच ठेवा, म्हणजे कोणी उत्साही भाचा रेस देणार नाही.

चिमट्यांचा क्रम

दोन्ही चाव्या बंद. लाल चिमटा बाइकच्या प्लसला, लाल वायरचं दुसरं टोक कारच्या प्लसला. काळा चिमटा कारच्या मायनसला. उरलेला काळा चिमटा बाइकच्या बॅटरीला लावायचा नाही. तो इंजिनाच्या किंवा चॅसीच्या रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून लांब. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असू शकतो, म्हणून हे अंतर. विडी-सिगारेटही लांब.

कारचे चिमटे बाइकच्या डबीत नीट मावत नाहीत. लाल चिमट्याचा दात फ्रेमला टेकला की शॉर्ट झालाच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा फ्रेम आणि चिमट्याच्या मध्ये घाला. पाऊस असेल तर गाडी छपराखाली घ्या.

सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मध्ये थोडं थांबा. तीन-चार वेळा दाबूनही इंजिन धरत नसेल तर दोष पेट्रोल किंवा प्लगचा असेल. इंजिन लागलं की चिमटे उलट क्रमाने काढा, म्हणजे आधी बाइकच्या धातूवरचा काळा.

धक्का मारून बघू?

किक असेल तर आधी किक मारा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या दुसऱ्या गिअरमध्ये धक्क्यावर लागतात. पण एप्रिल 2020 नंतरच्या बीएस6 गाड्यांपैकी बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या. फ्युएल पंप फिरवण्याइतकाही करंट नसेल तर माणसं दमतील, गाडी लागणार नाही. ऑटोमॅटिक स्कूटरला तर धक्का लागूच पडत नाही. आणि शेवाळ धरलेल्या जांभ्यावर असला प्रयोग म्हणजे गुडघे फुटलेच समजा.

चालू झाल्यावर लगेच बंद करणं

अंगणात नुसती आयडलवर ठेवून बॅटरी फारशी भरत नाही, गाडी फिरवावी लागते. गुहागरला असाल तर चिपळूणच्या रस्त्याला लागा. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट त्या दिवशी नको. बोटीत इंजिन बंद करावं लागेल आणि पलीकडे उतरताना पुन्हा तीच कथा.

गॅरेजमध्ये चार्जिंगला दिलीत तर करंट विचारा. 5 अँपियर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपियर पुरतो. कारच्या चार्जरवर तासाभरात भरून देणाऱ्याकडे देऊ नका.

चार्जिंग होतंय का ते पाहायला चालू इंजिनावर बॅटरीची वायर उपटण्याची काही मेकॅनिकना सवय असते. ती करू देऊ नका, व्होल्टेज उसळून बल्ब आणि ईसीयू जातात. रेस देऊन मीटर लावा. साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर नवी बॅटरी घेण्याआधी रेग्युलेटर आणि स्टेटर (बाइकमध्ये वीज बनवणारी कॉइल) तपासून घ्या.