प्रिंट विकताय? मग मोठी फाईल नेटवर टाकू नका

पालखी दिवे घाट चढून सासवडला गेली की पुण्यातल्या नव्या फोटोग्राफरांचे मला फोन सुरू होतात. घाटातले फोटो काढलेले असतात, साइट तयार असते, प्रिंटचे दर लावलेले असतात आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, फोटो कुणी चोरू नये म्हणून साइटवर राइट-क्लिक कसं बंद करायचं?"

त्याने काहीही होत नाही. फोटो स्क्रीनवर दिसतोय याचा अर्थच असा, की बघणाऱ्याच्या ब्राउझरने ती फाईल आधीच उतरवून घेतली आहे. ज्याला हवी तो ती तिथून काढतो, नाहीतर सरळ स्क्रीनशॉट घेतो. दिसणारा फोटो उचलला जाऊ शकतो हे एकदा मान्य करा. त्या उचललेल्या फाईलमधून भिंतीवर लावण्याजोगा प्रिंट निघू नये, एवढंच आपल्या हातात आहे, आणि तेवढं पुरतं.

आता ज्या चुकीने मला सगळ्यात जास्त त्रास दिलाय ती: "७२ डीपीआय करून टाकलाय, आता काळजी नाही."

डीपीआय म्हणजे प्रिंटमध्ये इंचाला किती ठिपके. ही चूक मीही केली आहे. घाटाच्या वळणावरचा वारीचा फोटो, २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० पिक्सेल. फोटोशॉपमध्ये इमेज साइजच्या चौकटीत रिझोल्यूशनला ७२ टाकलं, रिसॅम्पलची (म्हणजे पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण काढलेली होती, आणि फाईल चढवली. पुढच्या वर्षी सातारा रस्त्यावरच्या एका हॉटेलात जेवायला बसलो, तर समोरच्या भिंतीवर पाच फुटी कॅनव्हासवर तोच फोटो. डावीकडे प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर धरलेल्या आजी, मागे लाल छत्री. खालची पट्टी कापून माझं नाव तेवढं काढून टाकलेलं. मालक भला माणूस होता. त्याने एका प्रिंटवाल्याकडून पैसे मोजून तो घेतला होता. मी घरून मूळ रॉ फाईल (कॅमेऱ्यातून जशीच्या तशी निघालेली) आणून दाखवली, तेव्हा त्याने मला प्रिंटची किंमत दिली. प्रिंटवाल्याने मात्र शेवटपर्यंत कानावर हात ठेवले.

झालं काय होतं? ७२ हा आकडा फाईलमध्ये लिहिलेली एक सूचना आहे, एवढंच. त्याने एकही पिक्सेल कमी होत नाही. ६००० पिक्सेल पाच फुटांवर पसरले तर इंचाला १०० येतात, आणि कॅनव्हासवर चार पावलांवरून बघायला तेवढे पुष्कळ झाले. म्हणून डीपीआयचा रकाना विसरा आणि पिक्सेल मोजा. १२ बाय १८ इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. मी साइटवर लांब बाजू १००० च्या वर जाऊ देत नाही. इंचाला ३०० धरले तर त्यातून साडेतीन इंचाचाही धड प्रिंट निघत नाही. "पण साइट भारी दिसत नाही हो," असं मुलं म्हणतात. साइट भारी दिसण्यासाठी २५०० पिक्सेल ठेवायचे असतील तर प्रिंट विकण्याचा विचार सोडा. एआयने छोटा फोटो मोठा करता येतो, हे मला माहीत आहे. गर्दीतले लहान लहान चेहरे त्यात मेणासारखे होतात, आणि प्रिंटसाठी पैसे मोजणाऱ्याला ते कळतं. चौकातला फ्लेक्स मात्र छोट्या फाईलवरही निघतो, कारण तो लोक लांबून बघतात. त्याला आकाराचा उपाय नाही.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून मोठा फोटो चढवला की वर्डप्रेस त्याची २५६० पिक्सेलची प्रत करून दाखवतं. त्या प्रतीच्या नावामागे "स्केल्ड" लागतं. मूळ फाईल सर्व्हरवर तशीच राहते, आणि पत्त्यातून तो शब्द काढला की सहसा उघडते. फोटो आपल्या कॉम्प्युटरवरच लहान करा, मग चढवा.

गिऱ्हाइकाच्या आग्रहाला बळी पडून व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मूळ फाईल पाठवणं, ही तर स्वतःच्या हाताने किल्ली देणं आहे. "घरच्यांना दाखवायचंय, मोठी पाठवा ना" म्हणणाऱ्याला मी छोटा प्रिंट काढून दाखवतो. ऑर्डर यायची असेल तर त्यावरही येते.

वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर छापलेलं आपलं नाव किंवा लोगो, कोपऱ्यात ठेवू नका. का, ते वर हॉटेलातल्या फोटोत दिसलंच: कडा कापली की नाव गेलं. शिवाय २०१७ साली गुगलच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की एकच वॉटरमार्क शेकडो फोटोंवर असला तर प्रोग्रॅम तो आपोआप ओळखून पुसू शकतो. नुसती जागा बदलून भागत नाही. प्रत्येक फोटोवर तो किंचित वेगळा वाकवला तर पुसल्यावर खुणा राहतात. मी नाव फिकट ठेवतो, पण मुख्य विषयावरून आडवं नेतो, आणि दर वेळी थोडं वाकवतो. दोन मिनिटं जातात. ज्यांना तेवढीही नाहीत त्यांनी उगाच कोपऱ्यात लोगो चिकटवू नये.

मेटाडेटात, म्हणजे फाईलच्या आत लिहिलेल्या माहितीत, नाव भरा, पण त्याच्यावर विसंबू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून गेला की ते उडतं. रॉ फाईल कधीच डिलीट करू नका, हार्ड डिस्क भरली तरी. कॉपीराइट नोंदवलेला नाही म्हणून हातपाय गाळू नका. १९५७ च्या कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, फोटो काढला की हक्क तयार होतो. मात्र कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क त्याचा असतो. लग्नातला सुंदर फोटो प्रिंट म्हणून विकायला ठेवण्याआधी हे लेखी ठरवून घ्या.

आणि चोरी सापडली की लगेच भांडायला धावू नका. माणूस फोटो काढून टाकतो आणि हातात काहीच उरत नाही. मी आधी पत्ता आणि तारीख दिसेल असा पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घेतो, गुगल लेन्सवर तोच फोटो आणखी कुठे आहे ते बघतो, रॉ फाईल शोधून ठेवतो. फोन त्यानंतर.