कुत्रा-मांजरवाल्यांच्या घरी जाताना काय न्यावं

सुट्ट्या लागल्या की आमच्या कोथरूडच्या घरी चार पायांचे पाहुणे मुक्कामाला येतात. मालक लग्नाला नाहीतर कोकणात, आणि त्यांचा कुत्रा किंवा मांजर माझ्याकडे. सोबत एक पिशवी असतेच. तिच्यातलं काय वापरात येतं आणि काय घडी न मोडता परत जातं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. त्यामुळे ‘बहिणीने कुत्रा आणलाय, तिला काय देऊ?’ असे फोन मला येतात. एकदाच लिहून टाकते.

घडी न मोडता परत जातात ते कपडे. शेरवानी, बो-टाय, चार बुटांचा जोड. फोटो निघतो, पाच मिनिटांत कुत्रा ते दातांनी ओढायला लागतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड ठेवतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेवढंही नीट जमत नाही, त्यात तुम्ही त्याला जरीचं जाकीट चढवणार.

खाऊ नेताना तर जरा डोकं वापरा. दिवाळीत सुक्यामेव्याचा डबा आणि चॉकलेटचं खोकं हातात घेऊन जायची पद्धत आहे, आणि नेमकं तेच सोफ्याजवळच्या बुटक्या टेबलावर ठेवलं जातं. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं कुत्र्याला घातक. बेदाणे, मनुका, द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. काही शुगर-फ्री च्युइंगममध्ये झायलिटॉल नावाचं साखरेऐवजी वापरायचं गोड द्रव्य असतं, त्याने रक्तातली साखर एकदम खाली येते. कांदा-लसूण घातलेलं तर काहीच नको, मग तो फराळ का असेना. डबा न्यायचाच असेल तर यजमानांच्या हातात द्या आणि फ्रिजवर ठेवायला सांगा.

मांजर असलेल्या घरी फुलांचा गुच्छ नेत असाल तर त्यात लिली नको. फुलवाल्याला स्पष्ट सांगा, कारण पांढरी नाहीतर गुलाबी लिली तो न विचारता खोचतो. अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरी मांजराची किडनी जाऊ शकते. गुलाब न्या, वास छान असतो.

आता द्यायचं काय? माझ्या लेखी पहिला नंबर आतून पोकळ, जाड रबराच्या खेळण्याचा. दाबल्यावर ‘पीं’ करणारं प्लॅस्टिकचं नव्हे. त्यातली शिट्टी काढून गिळायची हौस प्रत्येक लॅब्रॅडॉरला असते. आकार कुत्र्याच्या तोंडात पूर्ण मावणार नाही इतका हवा. खेळण्याबरोबर कृतीही लिहून द्या, नाहीतर ते कपाटात पडून राहतं: मऊ भातात दही कालवायचं, मीठ नाही, फोडणी नाही. त्यात उकडलेला लाल भोपळा कुस्करायचा, आवडत असेल तर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे, हाडं काढून. खेळण्यात ठासून भरायचं आणि रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी तो दगड झालेला गोळा कुत्र्यापुढे ठेवला की तो पुढच्या पंजांत धरून, मान तिरकी करून चाटत बसतो. चाटण्याने कुत्रा शांत होतो. घरी पाहुणे येतात तेव्हा आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी याचा खरा उपयोग. पहिल्यांदा मात्र भात थोडाच भरा; दही सगळ्यांना मानवत नाही.

दुसरी भेट म्हणजे गळ्यातलं लॉकेट. नेमप्लेट बनवणाऱ्यांकडे पितळी किंवा स्टीलच्या चकतीवर कोरून मिळतं. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला दोन मोबाइल नंबर. फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा ज्याला सापडतो, त्याला कुत्र्याच्या नावाचा उपयोग नसतो, नंबरचा असतो. पट्टाही देणार असाल तर तो आणि मान यांच्यामध्ये आपली दोन बोटं सहज जातील इतका सैल हवा. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घेताना पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजून घ्या. ‘मीडियम’ म्हणून उचलून आणू नका.

पावसाळ्याच्या तोंडावर मी स्वतः जी भेट देते, ती बघून लोक आधी हसतात: गोचिडांचा डबा. स्टीलचा जुना डबा, त्यात बारीक टोकाचा चिमटा, घट्ट झाकणाची छोटी बाटली, सर्जिकल स्पिरिट, कापूस आणि डिजिटल थर्मामीटर. फिरून आल्यावर कानांच्या आत, काखेत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत बोटं फिरवायची. डाळीच्या दाण्याएवढं काही लागलं तर केस बाजूला करून चिमटा अगदी कातडीलगत धरायचा आणि सरळ, सावकाश ओढायचं. रॉकेल लावायचं नाही, काडीने चटका द्यायचा नाही, नखावर चिरडायचं तर मुळीच नाही. काढलेला गोचीड स्पिरिटच्या बाटलीत. पोट भरलेली मादी खाली पडून भिंतीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणून नुसता कुत्रा साफ करून भागत नाही, त्याची झोपायची जागाही बघावी लागते.

थर्मामीटर गोचीडतापासाठी, म्हणजे गोचीड चावल्याने येणाऱ्या तापासाठी. कुत्र्याचं ठीकठाक असतानाचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे आपल्याला तापाचा वाटेल तो आकडा त्याचा रोजचाच. टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून मोजायचं. 103 च्या वर गेलं, जेवण सोडलं, हिरड्या फिकट दिसल्या, तर उद्यावर टाकू नका, डॉक्टरांकडे न्या. घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराचा तर त्यातल्या एका गोळीनेही जीव जाऊ शकतो. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर सोडायचं औषधही मांजराला लावायचं नाही. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर मांजराला झटके येतात.

मांजरवाल्यांना काय द्यायचं, हा प्रश्न सोपा आहे. अडीच-तीन फुटांची फळी घ्या, तिच्यावर काथ्याची दोरी घट्ट, फट न ठेवता गुंडाळा, टोकं मागच्या बाजूला खिळ्याने ठोका. तळाला रुंद, जड पाट. फळी डुगडुगली की मांजर पुन्हा तिच्याकडे फिरकत नाही. उंची इतकी, की मागच्या पायांवर उभं राहून त्याला पूर्ण ताणता येईल. ठेवायची कुठे? जो सोफा ते ओरबाडतंय त्याच्याच शेजारी, बाल्कनीच्या कोपऱ्यात नाही. लोकर आणि रिबिनीची खेळणी देऊ नका. गिळलेला दोरा आतड्यात अडकला तर ऑपरेशनच करावं लागतं.

जवळचं माणूस असेल तर वर्षाच्या लसींचा खर्च उचला. रेबीजची लस तर हवीच. पुणे महापालिकेचा परवाना काढतानाही तिचं प्रमाणपत्र लागतं. मालकांना लाडाचं काही द्यायचं असेल तर भांडी घासायचे रबरी हातमोजे द्या. ओले करून सोफ्यावरून एकाच दिशेने हात फिरवला की केसांच्या वळकट्या निघतात. महागडा रोलर यापुढे काहीच नाही.

जिवंत प्राणी मात्र भेट देऊ नका. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट आणि पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, ‘घरात शुभ असतं’ म्हणून कोणी आणून दिलं तरीही. आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू विकायलाही मनाई आहे. सरप्राइज म्हणून टोपलीतून दिलेली पिल्लं चार महिन्यांनी ‘आता झेपत नाही’ म्हणून माझ्या दारात येतात, आणि तेव्हा भेट देणारा फोन उचलत नाही.

हातात वेळ आणि पैसे दोन्ही नसतील तर जुन्या सुती चादरी द्या. माझ्याकडे सगळ्यात जास्त त्याच लागतात. फक्त फाटक्या कडांचे लोंबते दोरे आधी कापा, आणि धुताना त्या वासाच्या कंडिशनरची बाटली लांब ठेवा.