चैत्यगृह कसे पाहावे : भाजे आणि कार्ले येथे स्थापत्याच्या संज्ञांची ओळख

प्राचीन स्थापत्यावरील पुस्तकाच्या शेवटी दिलेली संज्ञांची सूची पाठ करून फारसे काही हाती लागत नाही, कारण मेधी, वेदिका, हर्मिका हे शब्द कागदावर एकमेकांत सहज मिसळून जातात. त्याऐवजी एखादी वास्तू निवडून, आपण तिच्यात जसजसे आत शिरतो त्या क्रमाने एकेक संज्ञा त्या त्या भागासमोर उभे राहून समजून घ्यावी. पश्चिम भारतातील आरंभीची बौद्ध लेणी या अभ्यासासाठी फार चांगली आहेत आणि त्यातही लोणावळ्याजवळच्या मळवली रेल्वे स्थानकाच्या दोन बाजूंच्या डोंगरांत असलेली भाजे आणि कार्ले ही जोडी एकाच दिवसात पाहून होते. दोन्ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. भाज्याचे चैत्यगृह समोरून उघडे असल्याने तेथे सकाळीही पुरेसा उजेड असतो. कार्ल्याला मात्र दुपारनंतर जावे, म्हणजे ऊन आतपर्यंत पोहोचते.

प्रथम दोन मुख्य प्रकार वेगळे ओळखावेत. ज्या दालनाच्या टोकाला पूजेसाठी स्तूप, म्हणजे घुमटाकार स्मारक, कोरलेला असतो ते चैत्यगृह आणि जेथे भिक्षू वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातील मुक्कामात, राहत तो विहार. विहारात मधल्या दालनाभोवती लहान खोल्या असतात आणि खोलीत झोपण्यासाठी दगडी ओटा असतो. जवळच कातळात खोदलेले पाण्याचे टाके असते. त्या काळच्या शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलेले आढळते.

आता भाज्याच्या चैत्यगृहासमोर उभे राहावे. हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, म्हणजे या परंपरेतील अगदी आरंभीचे काम आहे. समोरची भिंत येथे मुळात लाकडाची होती. ती नष्ट झाली, पण ती बसवण्यासाठी कातळात केलेल्या खोबण्या अजून दिसतात. आतले अष्टकोनी खांब निरखून पाहिले तर ते सरळ उभे नसून आतल्या बाजूला कललेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा बाहेरच्या बाजूला पडणारा रेटा पेलण्यासाठी खांब असे कलते बसवणे गरजेचे असते. एकसंध कातळात कोरलेल्या दालनाला अशा आधाराची काहीच आवश्यकता नाही. वर पाहिले तर गजपृष्ठाकृती, म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या गोलाकार, छताला अर्धवर्तुळाकार लाकडी फासळ्या लावलेल्या दिसतात, त्याही वजन पेलण्यासाठी नाहीत. लेण्यातील कोणत्याही भागाचे नाव शिकताना हाच प्रश्न आधी विचारावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे : लाकडी इमारतीत हा भाग कोणते काम करत होता? या प्रश्नाचे उत्तर मिळाले की संज्ञा वेगळी पाठ करावी लागत नाही.

दर्शनी भागावरील घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान म्हणजे चैत्यकमान; तिच्यातून प्रकाश आत येतो तेव्हा तिला चैत्यगवाक्ष म्हणतात. तिच्या लहान प्रतिकृती आजूबाजूला शोभेसाठी ओळीने कोरलेल्या असतात. त्यांच्याबरोबर जी कठड्यासारखी नक्षी दिसते ती वेदिका. तिचे तीन अवयव ओळखता आले पाहिजेत : उभे ते स्तंभ, त्यांच्यात आडव्या ओवल्यासारख्या दिसतात त्या सूची आणि सर्वांच्या डोक्यावरून जाणारा सलग भाग तो उष्णीष. ही नक्षी पुढे स्तूपावरही भेटते, म्हणून येथेच ती डोळ्यांत नीट भरून घ्यावी.

कार्ल्याचे चैत्यगृह नंतरच्या काळातले आणि आकाराने फार मोठे आहे : लांबी सुमारे ३८ मीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे १४ मीटर. एकवीरा देवीच्या मंदिराला लागूनच बाहेर सिंहस्तंभ उभा आहे. व्हरांड्यात आल्यावर दोन्ही टोकांच्या भिंतींवरील मोठे हत्ती पाहावेत. वरच्या मजल्यांचा सगळा भार त्यांनीच पाठीवर घेतला आहे असा भास होतो. दारांच्या बाजूंना स्त्री-पुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरलेल्या आहेत, त्यांना मिथुनशिल्पे म्हणतात. त्यांच्या शेजारी बुद्धमूर्तींचे पट आहेत, पण ते नंतरच्या काळातले आहेत. ते कोरताना काही ठिकाणी मूळ वेदिकेची नक्षी मध्येच तासून टाकली आहे. अशी तुटलेली नक्षी शोधण्याची सवय लावून घ्यावी, कारण कोणते काम आधीचे आणि कोणते नंतरचे, हे तिच्यावरून स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता येते.

आत दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ खांब आणि स्तूपामागे ७ साधे अष्टकोनी खांब, असे एकूण ३७ खांब आहेत. त्यांच्यामुळे मधले मुख्य दालन आणि कडेची पार्श्वदालने वेगळी होतात आणि स्तूपामागे अर्धवर्तुळाकार वळून प्रदक्षिणापथ पूर्ण होतो. टोकाला असे गोलाकार वळणाऱ्या तळआराखड्याला चापाकार विधान म्हणतात. बाजूचा कोणताही एक खांब निवडून तळापासून वर वाचत जावे : पायऱ्यांच्या बैठकीवर कुंभ, त्यावर अष्टकोनी स्तंभदंड, मग उलट्या घंटेसारखे किंवा खाली उमललेल्या कमळासारखे स्तंभशीर्ष, त्यावर चौकटीत बसवलेला आवळ्यासारख्या पाकळ्यांचा आमलक, त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारी चौकी आणि सर्वांत वर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांच्यावर बसलेली जोडपी. पार्श्वदालनाच्या बाजूने पाहिल्यास हत्तींच्या जागी घोडे दिसतात, हे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. अनेक खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत आणि त्यांत धेनुकाकट या गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणवले जाणारे लोकही, आहेत. व्हरांड्यातील लेखात वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे धनिक व्यापारी, भूतपाल याने हे ‘सेलघर’, म्हणजे शैलगृह, पूर्ण केल्याचे आणि ते जंबुद्वीपात, म्हणजे भारतवर्षात, उत्तम असल्याचे म्हटले आहे. तेथे उभे राहिल्यावर त्याचा अभिमान अगदी योग्य वाटतो.

स्तूपही खालून वर वाचावा. खालचा दंडगोलाकार भाग मेधी, त्यावरचा घुमट म्हणजे अंड, घुमटावरची चौकोनी पेटी हर्मिका, तिच्यातून वर येणारा दांडा यष्टी आणि त्यावर छत्र. कार्ल्याला मेधी दोन टप्प्यांची असून तिच्यावर वेदिकेचे पट्टे आहेत आणि लाकडी छत्र आजही शाबूत आहे. दुर्बीण असल्यास त्याच्या खालच्या बाजूचे कमळ जरूर पाहावे. भाज्याला चैत्यगृहापासून थोड्या अंतरावर १४ लहान स्तूपांचा समूह आहे. तेथील काही स्तूपांवर स्थविरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावे कोरली असल्याने ते स्मारकस्तूप आहेत हे कळते.

एवढी ओळख झाल्यावर नेहमीच्या नमुन्यापेक्षा वेगळी लेणी पाहायला जावे. जुन्नरच्या तुळजा लेण्यातील चैत्यगृह वर्तुळाकार असून त्यात स्तूपाभोवती १२ खांब आहेत. बेडसे येथे विहारच चापाकार विधानाचा आहे. अजिंठ्याला (सोमवारी बंद) ९ आणि १० क्रमांकांची जुनी चैत्यगृहे पाहून मग १९ आणि २६ पाहावीत, म्हणजे स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्धमूर्ती कशी आली ते समजते. शेवटी वेरूळचे (मंगळवारी बंद) १० क्रमांकाचे लेणे पाहावे. तेथे स्तूपापुढे बुद्धाची भव्य बैठी मूर्ती आहे आणि भाजे-कार्ल्याला लाकडाच्या असलेल्या छताच्या फासळ्या सरळ दगडातच कोरल्या आहेत. लोक त्याला ‘सुतार लेणे’ म्हणतात ते त्यामुळेच.