शेततळ्यात शंख दिसले, तर आधी झाकण बघा

मृगात शेततळं भरतं आणि श्रावणात त्याच्या काठाला शंख, म्हणजे पाण्यातल्या गोगलगायी, चिकटलेले दिसतात. अंगणातल्या कमळाच्या हौदात दिसतात, पोरांनी हौसेनं आणलेल्या माशांच्या काचपेटीतही दिसतात. मग पारावर दोन मतं पडतात. कोणी म्हणतं पावसासोबत आले, कोणी म्हणतं पाण्यातूनच पैदा झाले. पहिल्यात थोडं तथ्य आहे. तळ्यातली मोठी गोगलगाय उन्हाळाभर गाळात तोंड मिटून पडून राहते आणि पाणी आलं की वर येते. पण प्लॅस्टिक अंथरलेल्या नव्या शेततळ्यात गाळ कुठला? तिथं तिला कोणीतरी आणलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते आपणच असतो.

गावतलावातून उपटून आणलेलं कमळ किंवा शेवाळवेल, मत्स्यबीजाच्या पिशवीतलं पाणी, न वाळवता दुसऱ्या तळ्यात टाकलेलं जाळं, नाल्याचा पूर, अशा कितीतरी वाटा आहेत. पान उलटं करून बघा. भिजलेल्या सब्जासारखा चिकट, पारदर्शक गोळा दिसला तर ती अंडी. यातल्या बऱ्याच जातींत नर-मादी एकाच अंगात असतात, म्हणून चुकून आलेला एकच शंखही पुरतो. नवी वनस्पती थेट पाण्यात सोडू नका. वेगळ्या बादलीत तीन-चार आठवडे ठेवा, दर आठ दिवसांनी हलवून पाणी बदला, दिसतील ती पिल्लं आणि अंडी काढा. बादलीतलं पाणी नाल्यात नको, कोरड्या जमिनीवर ओता.

आता झाकणाचं. शंख हातमोजा घालून उचला आणि तोंड बघा. तोंडाला टणक झाकण असेल तर ती बहुधा मोठी गोगलगाय किंवा तिच्यासारखी, तिची फार चिंता नको. झाकण नसेल आणि शंख पातळ, निमुळता असेल, किंवा जिलबीसारखा चपटा गुंडाळलेला असेल, तर लक्ष द्या ते गोठ्याकडे. निमुळत्या शंखात यकृतातल्या चपट्या कृमीची पिल्लं वाढतात. तिथून बाहेर पडून ती काठच्या गवतावर बसतात आणि ते ओलं गवत खाल्लं की जनावराच्या पोटात जातात. चपट्या शंखातून पोटातले कृमी आणि नाकातला रक्तकृमी पसरतो. त्यात बैल घोरल्यासारखा श्वास घेतो. पाण्यात उतरल्यावर माणसाच्या पायावर लाल पुरळ उठून खाज सुटते, तीही अनेकदा अशाच कृमींच्या पिल्लांमुळे. ती माणसात वाढत नाहीत, खाजवून जखम मात्र करू नका.

पोळ्याला बैल धुवायला तळ्यावर नेतो आपण. धुवा, पण काठचं गवत चरू देऊ नका, आणि पिण्याचं पाणी टाक्यातून किंवा हौदातून पाजा. काठचा चारा कापून ओला घालू नका. जबड्याखाली पाणी साचलेलं, डोळ्यांची आतली बाजू फिकट, शेण पातळ, असं दिसलं तर पशुवैद्यक गाठा. एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. यकृतातला कृमी पूर्ण वाढून त्याची अंडी शेणात यायला तीन-चार महिने लागतात. म्हणून आज शेण तपासून काही निघालं नाही तर निर्धास्त होऊ नका. औषध कोणतं आणि किती, ते वजन बघून डॉक्टर ठरवतील.

संत्र्याच्या बागेला शेततळ्यातून ठिबक असेल तर शंखांचा त्रास वेगळाच. पंपाच्या फुटव्हॉल्व्हवर, म्हणजे पाण्यात बुडालेल्या नळाच्या तोंडावर, जाळी बांधा, फिल्टर उघडून धुवा, आणि लॅटरलची, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्यांची, टोकं उघडून पाणी सोडा. इवले शंख थेंब सोडणाऱ्या ड्रीपरच्या तोंडाशी अडकलेले सापडतात. काठ खरवडायला फावडं मात्र लावू नका. तळ्यातलं प्लॅस्टिक फाटलं तर शंखांपेक्षा महाग पडेल. कापडी झाडू किंवा हातजाळीच बरी.

मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं औषध, टाकायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यानं शंख मरतात हे खरं, पण तांब्याचं प्रमाण थोडं चुकलं की मासेही जातात. आणि हजारो शंख एकदम मेले तर ते कुजून पाण्यातला प्राणवायू संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. सोयाबीनवरच्या जमिनीवरच्या गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही पाण्यात नको. त्या कुत्र्यांसाठी जीवघेण्या आहेत, काठावरही टाकू नका. माशांचं खाद्य उरतं म्हणून शंख वाढतात, ते आधी कमी करा. उन्हाळ्यात तळं रिकामं झालं की पूर्ण वाळू द्या. गाळाचं तळं असेल तर मग कळीचा चुना पसरा.

घरच्या काचपेटीत तर औषध लागतच नाही. रात्री दिवे बंद केले की काकडीची फोड किंवा पालकाचं वाफवलेलं पान दोऱ्याला बांधून तळाशी सोडा. सकाळी उचललं की त्यावर शंख चिकटलेले असतील. ते काढा आणि रात्री पुन्हा फोड सोडा. आठ-दहा रात्रींत फरक दिसतो. काढलेले शंख ओढ्यात किंवा गावतलावात मात्र टाकायचे नाहीत, साबणाच्या पाण्यात बुडवून नंतर खड्ड्यात पुरा.